स्किमर कुठला घ्यायचा? आधी टाकीचा हिशोब मांडा

मागच्या महिन्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने मला विचारलं, "ताई, डेझर्टेशनसाठी खाऱ्या पाण्याची टाकी लावतेय. एकूण पाणी २०० लिटर. एका प्रोटीन स्किमरच्या खोक्यावर '३०० लिटरपर्यंत' लिहिलंय, दुसऱ्याच्या खोक्यावर '५०० लिटरपर्यंत'. दुसरा घेऊ ना? मोठा तो चांगलाच असणार."

तीन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न विचारला होता आणि मोठा स्किमर घेऊन मोकळी झाले होते. पुढे काय झालं ते सांगतेच. पण प्रश्न नुसत्या खरेदीचा नाही. संशोधनात आपण उपकरण घेतो तेव्हा एक गृहीतकही घरी आणतो. ते तपासलं नाही तर नंतर प्रबंधात त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून हा लेख जरा सविस्तर.

आधी माझी परिस्थिती सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. आमची प्रयोगशाळा तलासरीत आहे. समुद्राचं पाणी झाई-बोर्डीच्या किनाऱ्यावरून ड्रममध्ये भरून टेम्पोने आणावं लागतं. नळ सोडला की समुद्र, अशी सोय नाही. म्हणून टाकीतलं पाणी जितकं जास्त दिवस टिकेल तितकं बरं, आणि स्किमरची आठवण येते ती इथेच.

स्किमर नेमकं काय करतो?

डाळ शिजताना वर फेस येतो, तो आपण पळीने काढून टाकतो. गुऱ्हाळात काहिलीवर येणारी मळी काढतात तीही तशीच. स्किमर हेच काम टाकीच्या पाण्यावर करतो.

माशांची विष्ठा, उरलेलं खाद्य, अंगावरचा बुळबुळीत स्राव यांतून पाण्यात सेंद्रिय पदार्थ विरघळत राहतात. त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेणारं असतं आणि दुसरं पाण्यापासून पळणारं. साबणाच्या रेणूचं असतं तसंच. अशा रेणूला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे पाणी आणि हवा यांची सीमा. एक टोक पाण्यात, एक हवेत. पाण्यात बारीक बुडबुडे सोडले की हे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतात, वर जातात, फेस होतो, आणि तो फेस अरुंद गळ्यातून चढून वरच्या कपात पडतो. कपात जमा होणाऱ्या तपकिरी, वास मारणाऱ्या पाण्याला स्किमेट म्हणतात.

म्हणजे सगळा खेळ पृष्ठभागाचा आहे. एक लिटर हवा १ मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यांत वाटली तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो, म्हणजे एका छोट्या खोलीच्या फरशीएवढा. तीच हवा अर्ध्या मिलिमीटरच्या बुडबुड्यांत वाटली तर १२ चौरस मीटर. शिवाय लहान बुडबुडा हळू वर चढतो, त्यामुळे रेणूंना चिकटायला वेळही जास्त मिळतो. स्किमरच्या पंपाला काट्याकाट्यांचं चाक असतं ते याच कामासाठी: आत ओढलेली हवा कापून बारीक करायची. जुन्या पद्धतीत हेच काम हवेचा पंप आणि लाकडाचा सच्छिद्र ठोकळा करायचा. तो अजूनही चालतो, पण ठोकळा दर काही आठवड्यांनी बदलावा लागतो.

खाऱ्या पाण्यातच का?

गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीला स्किमर लावलेला तुम्ही सहसा पाहिला नसेल. कारण गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांना भेटले की मिसळून मोठे होतात. मीठ विरघळलेलं असेल तर हे मिसळणं अडतं. क्रेग, निनहॅम आणि पॅशली यांनी १९९३ मध्ये 'नेचर'मध्ये यावर एक सुंदर छोटा शोधनिबंध लिहिला, जरूर वाचा. साध्या मिठाच्या द्रावणात हा बदल साधारण ०.१ मोलरच्या आसपास दिसतो, म्हणजे लिटरमागे ६ ग्रॅमच्या जवळपास. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे आपण त्या उंबरठ्याच्या बरंच पलीकडे असतो.

यातून कामाची गोष्ट निघते ती अशी: स्किमरचं काम फक्त स्किमरवर अवलंबून नाही, पाण्याच्या खारटपणावरही (लवणतेवर) आहे. मला हे पुस्तकातून कळायला हवं होतं. कळलं जुलै महिन्यात.

माझा जुलै

मे महिन्यात आणलेल्या पाण्यावर माझी टाकी छान चालली होती. आत किनाऱ्यावरचे छोटे खडकमासे आणि चार तारामासे होते. स्किमर रोज अर्धा कप भरायचा. जुलैत अर्धं पाणी बदलायचं ठरलं. पाऊस धो धो पडत होता, किनाऱ्यापर्यंत टेम्पो जाईना, म्हणून मी खाडीच्या तोंडाशीच ड्रम भरून आणले. त्यात वेळ ओहोटीची.

पाणी बदलल्यावर फेस बसला. कप कोरडा. मी पंप उघडला, चाक धुतलं, हवेची नळी बदलली. रात्री अकरापर्यंत तेच. दुसऱ्या दिवशी मोठ्या स्किमरची किंमत बघत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी चारही तारामासे मेलेले.

गाइड मॅडमना फोन केला आणि स्किमर कसा बिघडला हे सांगायला लागले. त्यांनी मध्येच थांबवलं. "स्किमरचं नंतर बघू गं. आणलेल्या पाण्याचा खारटपणा मोजला होतास का?"

नव्हता मोजला. रिफ्रॅक्टोमीटर कपाटात होता. पावसाळ्यात ओहोटीला खाडीतून बाहेर येणारं पाणी निम्म्याहून जास्त नदीचं असू शकतं. खडकमासे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले, असे चढउतार त्यांच्या सवयीचे, म्हणून ते तगले. तारामाशांना शरीरातल्या क्षारांचं प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळं राखता येत नाही, त्यांना हा अचानक बदल सोसला नाही. बंद पडलेला फेस मला तीन दिवस सांगत होता की पाणी बदललंय, आणि मी पंप धूत बसले होते.

आता संशोधनाच्या नजरेने बघा. फेस बसण्याची दोन कारणं असू शकतात. खारटपणा उतरल्यामुळे बुडबुडे मोठे झाले असतील. किंवा अर्धं पाणी बदलल्यामुळे सेंद्रिय पदार्थच निम्मे झाले, म्हणून फेस धरायला काही उरलं नसेल. मी दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्या. त्यामुळे नेमकं कोणतं कारण, हे मला आजही सांगता येत नाही. तारामासे गेले ते गेलेच, पण त्यांच्याकडून धडा घेण्याइतकी नोंदही माझ्या वहीत नव्हती.

स्किमर काय करत नाही

हा भाग खरेदीआधी वाचायचा, कारण बहुतेक चुका इथल्या अपेक्षेत असतात.

समजा तुम्ही रोज ५ ग्रॅम खाद्य टाकता आणि त्यात ४५ टक्के प्रथिन आहे. म्हणजे २.२५ ग्रॅम प्रथिन. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ०.३६ ग्रॅम नायट्रोजन. २०० लिटरमध्ये तो सगळा राहिला तर लिटरमागे १.८ मिलिग्रॅम नायट्रोजन, आणि त्याचं नायट्रेट झालं तर लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम. एका दिवसात! प्रत्यक्षात थोडा नायट्रोजन माशाच्या वाढीत जातो, पण आकड्याचा अंदाज येण्यासाठी हे पुरे.

आता स्किमर यातला किती काढेल? मासा खातो, पचवतो, आणि बराचसा नायट्रोजन कल्ल्यांमधून थेट अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. अमोनियाच्या रेणूला पाण्यापासून पळणारं टोक नाही. तो बुडबुड्याला चिकटत नाही. नायट्राइट, नायट्रेट यांचंही तेच. म्हणजे स्किमर फक्त जे अजून कुजलेलं नाही तेच काढू शकतो. अमोनियासाठी जिवाणूंचा बायोफिल्टर लागतोच. स्किमर लावला म्हणून बायोफिल्टर लहान केला, असं कोणी सांगितलं तर त्याला हा हिशोब दाखवा.

आणि सेंद्रिय पदार्थ तरी सगळे निघतात का? पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतले रसायनशास्त्रज्ञ केन फेल्डमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये हे मोजलं. प्रवाळांच्या टाकीच्या पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन स्किमरने ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश इतकाच कमी झाला, त्यानंतर आलेख आडवा. उरलेल्या रेणूंना बुडबुड्यात रसच नाही. वेगवेगळ्या बनावटींच्या स्किमरमधला फरकही लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी निघाला. म्हणजे "महागडा घेतला की पाणी दुप्पट स्वच्छ" हे चित्र मोजमापात टिकत नाही.

मग स्किमर घ्यायचा कशाला? दोन कारणं. जो भाग निघतो तो कुजण्याआधी निघतो, हा खरा फायदा आहे. आणि दुसरं, पाण्यात हवा भरपूर मिसळते. ३० अंशाला समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त लिटरमागे सव्वासहा मिलिग्रॅमच्या आसपासच मावतो. आपल्याकडच्या मे महिन्यात ही दुसरी बाजू पहिलीपेक्षा मोलाची ठरू शकते.

मग निवड कशी करायची?

१. लिटर नाही, खाद्य मोजा. खोक्यावरचा "३०० लिटर" हा आकडा कोणत्याही प्रमाणित चाचणीतून येत नाही. २०० लिटरमध्ये दोन छोटे मासे आणि २०० लिटरमध्ये वीस, यात पाणी तेच पण भार दहापट. आधी रोज किती ग्रॅम खाद्य टाकणार ते लिहा.

डहाणूचं एक उदाहरण घ्या. तिथे वनविभागाचं जखमी समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र आहे. पावसाळ्यात किनाऱ्याला लागलेली कासवं तिथे आणतात. एक मोठं कासव जेवढं खातं आणि घाण करतं तेवढं शंभर छोटे मासे करणार नाहीत. पण कासव हवेत श्वास घेतं, पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला म्हणून ते गुदमरत नाही. त्याला धोका घाणेरड्या पाण्यामुळे जखमेत आणि डोळ्यांत होणाऱ्या संसर्गाचा. म्हणजे एकाच लिटरच्या दोन टाक्यांना स्किमरकडून अगदी वेगळी कामं हवी असतात. तुमच्या प्राण्याला कोणतं हवंय, ते आधी ठरवा.

२. पंपाच्या प्रवाहाला भुलू नका. समजा स्किमरमधून तासाला ४०० लिटर पाणी जातं आणि एका फेरीत निघू शकणाऱ्या पदार्थांपैकी ५ टक्के निघतात (हा आकडा समजण्यासाठी धरलाय). म्हणजे तासाला २० लिटर पाणी पूर्ण साफ झाल्यासारखं, २०० लिटरच्या टाकीत तासाला १० टक्के. नवीन भर पडली नाही तर ते पदार्थ साधारण सात तासांत निम्मे होतील. आता पंप दुप्पट केला पण पाणी आत कमी वेळ थांबल्यामुळे एका फेरीत अडीच टक्केच निघाले, तर उत्तर तेच! प्रवाह आणि फेरीमागची काढणी यांचा गुणाकार महत्त्वाचा, नुसता प्रवाह नाही.

३. हवा विचारा. तासाला किती लिटर हवा ओढतो, हा आकडा पाण्याच्या प्रवाहापेक्षा उपयोगी आहे, कारण पृष्ठभाग हवेतून येतो. शक्य असेल तर चालू स्किमर बघा. आतलं पाणी दुधासारखं पांढरं दिसायला हवं. सुटे सुटे बुडबुडे मोजता येत असतील तर बुडबुडे मोठे आहेत.

४. गरजेपेक्षा मोठा घेऊ नका. हे पटायला जड जातं. फेस गळ्यातून वर चढायला बुडबुड्यांवर पुरेसे सेंद्रिय रेणू हवेत, तेच फेसाला धरून ठेवतात. भार कमी आणि गळा रुंद असेल तर फेस अर्ध्यावर येऊन फुटतो आणि सगळं परत टाकीत. माझ्या पहिल्या स्किमरचं हेच व्हायचं. भाराला शोभेल असा गळा आणि सतत चढणारा फेस, हे मोठ्या पण अधूनमधून चालणाऱ्या स्किमरपेक्षा बरं.

५. सम्पमधली पाण्याची पातळी. सम्प म्हणजे टाकीखालची दुसरी टाकी, बहुतेक स्किमर तिथे बसतात. प्रत्येकाला ठरावीक खोलीचं पाणी लागतं. पातळी दोन सेंटिमीटर हलली तरी फेस एकदम वर येतो किंवा बसतो. सम्पमध्ये आडभिंत घालून स्किमरचा कप्पा स्थिर पातळीचा करा. विकत घेण्याआधी पट्टीने मोजून बघा, कप काढायला वर जागा राहते का तेही.

६. वीज. २० वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तर साधारण साडेचौदा युनिट. हे परवडतं. खरा प्रश्न वीज जाण्याचा. पावसाळ्यात तलासरीत वीज गेली की स्किमरमधलं पाणी सम्पमध्ये उतरतं, आणि वीज आल्यावर काही स्किमर फेस उधळतात. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा ठेवा, कपाला जास्तीचं पाणी बाहेर न्यायची नळी असेल तर ती बादलीत सोडा. आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप आधी घ्या, स्किमर नंतर. माशांचा जीव त्या पंपावर असतो.

नवीन स्किमर पहिले काही दिवस नीट चालत नाही, कारण प्लॅस्टिकवर तेलकट थर असतो. तेल फेस मारतं. हाताला तेल किंवा क्रीम लावून टाकीत हात घातलात तरी तासभर फेस गायब होतो. लगेच दुकानदाराशी भांडू नका.

आपल्या किनाऱ्याचं पाणी

डहाणू-बोर्डीचं पाणी गढूळ असतं. उधाणाच्या भरतीला इथे पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि तळाचा गाळ ढवळून काढतं. स्किमर ही गाळाची गाळणी नाही. पाणी झाकलेल्या ड्रममध्ये दोन दिवस निवू द्या, वरचं पाणी कापडी पिशवीतून गाळून घ्या. पाणी खाडीपासून लांब, उघड्या किनाऱ्यावर, भरतीच्या टोकाला भरा. उधाणापेक्षा भांगाच्या दिवसांत गाळ कमी मिळतो. स्थानिक मच्छीमार काकांना विचारा, ते तिथी सांगूनच वेळ सांगतात. जून ते सप्टेंबर कृत्रिम मीठ वापरायची तयारी ठेवा. २०० लिटरला साधारण सात किलो लागतं. आणि प्रत्येक ड्रमचा खारटपणा मोजा. प्रत्येक ड्रमचा.

प्राणी आणण्याआधी वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची बघा. समुद्री घोडे, समुद्रकाकड्या, प्रवाळ संरक्षित आहेत. "ओहोटीला सापडलं" हे उत्तर चालत नाही.

स्किमर आणि तुमचा डेटा

शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुकानदार हे सांगणार नाही.

*तुम्ही जे मोजताय तेच स्किमर काढून टाकतोय का?* विरघळलेला सेंद्रिय कार्बन, सूक्ष्म शैवाल, अळ्यांना दिलेलं खाद्य यांवर काम असेल तर स्किमर तुमच्या प्रयोगात ढवळाढवळ करतोय. खाद्य देताना काही तास बंद ठेवायचा असेल तर सगळ्या टाक्यांत तितकाच वेळ, आणि तशी नोंद.

*एक सम्प म्हणजे एक टाकी.* सहा टाक्या एकाच सम्पला आणि एकाच स्किमरला जोडल्या तर पाणी एकच आहे. पाण्याशी संबंधित प्रश्नासाठी तुमचा नमुना सहा नाही, एक आहे. हर्लबर्टचा १९८४ चा आभासी पुनरावृत्तीवरचा शोधनिबंध खरेदीची यादी करण्याआधी वाचा. एक मोठा स्किमर की सहा छोटे, याचं उत्तर तिथे मिळेल.

*स्किमेट वाळवून वजन करू नका.* निदान थेट नको. १०० मिलिलिटर स्किमेट वाळवलं तर त्यात साडेतीन ग्रॅम तर नुसतं मीठ असतं. मी एक आठवडा मीठ मोजत होते आणि "प्रथिन वाढतंय" म्हणून खुश होते.

*खारटपणा हळूहळू घसरतो.* स्किमेटबरोबर मीठ जातं आणि पातळी भरायला आपण गोडं पाणी घालतो. रोज अर्धा लिटर पातळ स्किमेट निघत असेल तर २०० लिटरच्या टाकीत महिन्याभरात ३५ चे साडेबत्तीस होतात. प्रयोग तीन महिन्यांचा असेल तर हा बदल तुमच्या आलेखात "परिणाम" म्हणून दिसेल.

त्या मुलीला मी शेवटी काय सांगितलं? दोन आठवडे स्किमरशिवाय चालव. बायोफिल्टर आणि हवेचा पंप लाव, मोजकेच प्राणी ठेव, रोज खाद्याचे ग्रॅम, अमोनिया, खारटपणा आणि तापमान लिही. अमोनिया दिसला की पाणी बदल. त्यानंतर तुझ्याकडे टाकीचे आकडे असतील, खोक्यावरचे नाही. तिने तसं केलं. तिचा रोजचा भार बघता छोटा स्किमरही पुरणार होता. उरलेल्या पैशांत तिने दुसरा रिफ्रॅक्टोमीटर घेतला आणि तो कपाटात न ठेवता ड्रमच्या झाकणाला दोरीने बांधला.

माझाही आता तिथेच बांधलेला असतो.